टाकीतला नारळ

"चहा ठेव खाली आणि माझ्यामागून ये," धाकूमामा म्हणाले.

भर दुपार होती. मी जहाजाच्या खानावळीत नुकताच टेकलो होतो, चहाचा मग अजून ओठाला लागला नव्हता. पण सारंगाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, ये म्हटलं की उठायचं, का आणि कशाला विचारायचं नाही. त्यातून हा सारंग म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा मामा. गावात मी जावईबापू; पाटावर बसवून पापलेटचा मधला तुकडा माझ्या ताटात पडायचा. जहाजावर मात्र "ए मुरारी, मेल्या, हाल जरा!"

मामांनी मला दोरखंडांच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"मुरारी, तो सुटलाय."

"कोण सुटलाय?"

"अरे, नारळ!"

मी मागे वळून दाराची कडी नीट लागलीय का ते बघितलं. का ते कळायला तुम्हाला आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. फार नाही, थोडाच.

आमचं जहाज केबल टाकणारं. युरोपच्या किनाऱ्यापासून अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत, अटलांटिकच्या तळाशी एक अखंड केबल अंथरत जायचं, एवढंच त्याचं काम. आज तुम्ही मोबाईलवर बोट फिरवता आणि अमेरिकेतला नातू हसताना दिसतो, तो काही आभाळातून येत नाही. बहुतेक वेळा समुद्राच्या तळातून येतो. मी हे सांगितलं की आमच्या गावातले लोक माझ्याकडे असे बघतात, जसा काही मी दुपारचाच चढवून आलोय.

खोल पाण्यातली केबल दिसायला अगदी साधी. अंगठ्याएवढी जाड, वर प्लॅस्टिक, आत पोलाद नि तांबं, आणि सगळ्यांच्या आत केसासारख्या काचेच्या तारा. ती जहाजाच्या पोटातल्या लोखंडी टाक्यांमध्ये भरलेली असते. टाकी म्हणजे एक मोठी गोल विहीरच समजा. मधोमध जाड लोखंडी खांब आणि त्या खांबाभोवती केबलचे वेढे, थरावर थर. हे वेढे यंत्र घालत नाही, माणसं घालतात. बंदरात कारखान्यातून केबल येत राहते आणि आम्ही खलाशी ती हातात धरून खांबाभोवती गोल गोल चालत राहतो. भिंतीपासून सुरुवात, खांबाशी आलं की तो थर संपला, की पुन्हा भिंतीपासून. आठवडेच्या आठवडे तेच. पहिल्या खेपेला मी म्हणालो होतो, "मामा, एवढ्या प्रदक्षिणा देवळात घातल्या असत्या तर देव भेटला असता."

"पगार भेटतोय ना?" मामा म्हणाले. "मग चाल."

समुद्रात गेल्यावर हेच उलटं होतं. केबल खांबाशी सुटायला लागते, छतातल्या भोकातून वर जाते आणि जहाजाच्या मागच्या अंगाने पाण्यात उतरते. सुटणारा वेढा गरगर फिरत खांबाकडून भिंतीकडे सरकतो. भिंतीशी तो थर संपला की केबल एका झटक्यात परत खांबाशी उडी मारते आणि खालचा थर सुटायला लागतो. ही उडी तेवढी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टाकीत उतरायचं तर अंगावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. आमच्या कामाच्या कपड्यांना खिसेच नव्हते. अंगठी, करगोटा, ताईत, सगळं वर काढून ठेवायचं. एखादं नाणं जरी वेढ्यांत पडलं आणि केबल त्यावर घासली, मुरगळली, तर आतली काच गेली. मग ती तळातून शोधून वर काढा, कापा, सांधा. मागच्या खेपेला कुणाचा तरी पाना टाकीत सापडला होता. तेव्हा आम्हा भाटवाडीकर खलाशांची भरती करणाऱ्या एजंटाने मामांना बजावलं होतं, "पुन्हा टाकीत काही मिळालं तर तुमची अख्खी भाटवाडी घरी. दुसऱ्या देशाची माणसं रांगेत उभी आहेत."

आणि अशा टाकीत आमच्या मामांनी नारळ ठेवला होता.

त्यांना तरी काय म्हणू? आमच्या दाभोळच्या खाडीकडे मचव्यावर डोलकाठीच्या पायाशी नारळ ठेवूनच समुद्रात जायची रीत. सफर सुखरूप झाली की तो पाण्याला द्यायचा. मामांचं सारं तरुणपण मचव्यावर गेलेलं. या जहाजाला डोलकाठी म्हणावी असं काही नव्हतंच, एक टाकीतला खांब सोडला तर. म्हणून केबल भरायच्या आधी, टाकी रिकामी असताना, मामांनी बंदरातल्या एका गुजराथ्याच्या दुकानातून सोललेला, शेंडीचा नारळ आणला आणि खांबाच्या पायाशी एक खोबण होती तिच्यात फडक्यात गुंडाळून बसवला. आमचा आचारी फर्नांडिस म्हणालासुद्धा, "सारंग, कुणाला नारळ देताय?" मामा त्याच्या अंगावर धावून गेले. अशा गोष्टीत त्यांना चेष्टा चालायची नाही.

"जहाज हलतंय ना सारखं," मामा आता मला सांगत होते, "खोबणीतून निसटला आणि खांबाजवळच्या वेढ्यांत जाऊन रुतला. वरचे थर गेले तसा आत्ता मला दिसला. हा थर भिंतीशी संपला की केबल खांबाशी येणार, आणि पहिल्याच वेढ्याला नारळ खेचला जाणार. गुंता झाला की संपलं सगळं. तू काढ तो."

"मी?"

"मग काय मी? माझे गुडघे बघ. दुसऱ्या कुणाला सांगू? घरचा माणूस तूच."

घरचा माणूस! चार वर्षं हेच ऐकत होतो. आमच्या भाटवाडीतला कोण जहाजावर चढणार आणि कोण उतरणार, हे मामा ठरवायचे. मला लग्नाआधी चढवलं तेही त्यांनीच, सुगंधेशी लग्न जमवलं तेही त्यांनीच, आणि सुगंधा घरी नि मी अटलांटिकवर, हेही त्यांनीच. दर वेळी म्हणायचो, "मामा, मला सोडा आता." दर वेळी मामा म्हणायचे, "केबल संपू दे." एक संपायची, दुसरी सुरू व्हायची. मध्येच उतरायचं म्हणाल तर केबल टाकणारं जहाज मागे फिरत नाही, कुठे थांबत नाही. त्याची शेपूट युरोपला बांधलेली असते.

आणि आता सुगंधेने शेवटचं सांगितलं होतं. आठवड्याला एकदा जहाजावरून घरी बोलता यायचं. ती म्हणाली, "लग्न तुमच्याशी केलंय, फोनशी नाही. या शिमग्याला आलात तर कायमचे या. नाहीतर येऊच नका, मी काय समजायचं ते समजेन." तिने गावातली बंद पडलेली पिठाची गिरण एकटीने चालवायला घेतली होती. ती बोलली म्हणजे बोलली. शिमगा जवळ आला होता.

मी मामांकडे बघितलं. माझ्यापुढे त्यांची मान खाली गेलेली मी प्रथमच बघत होतो. म्हटलं, हीच वेळ आहे.

"काढतो," मी म्हणालो. "पण पलीकडच्या किनाऱ्याला लागलो की मला उतरवायचं. एजंटाला तुम्ही सांगायचं."

"आधी काढ तर खरा."

"आधी हो म्हणा."

"केबल संपू दे रे मुरारी, मग बोलू ना!" मामा कळवळून म्हणाले आणि दार उघडून चालायलाही लागले.

गेलो मी. जाऊन जाऊन काय करणार होतो?

बेत सोपा होता. केबलला ठरावीक अंतरावर एक लांबट धातूचं नळकांडं जोडलेलं असतं, त्याला रिपीटर म्हणतात. आतला प्रकाश थकला की तो त्याला पुन्हा जोर देतो. तो पाण्यात सोडताना जहाज अगदी मंदावतं. तेवढ्या वेळात मी फिरत्या वेढ्याच्या आत शिरायचं, नारळ उचलायचा आणि बाहेर यायचं. टाकीत पहाऱ्याला असलेल्या खलाशाला मामांनी चहाला पिटाळलं आणि स्वतः भिंतीजवळच्या मचाणावर उभे राहिले. मचाणापाशी भिंतीवर तळहाताएवढं लाल बटण होतं. ते दाबलं की वर बेल वाजते, जहाज थांबतं आणि सगळे साहेब खाली धावत येतात.

रिपीटर वरून गेल्याचा भोंगा झाला. केबल मंदावली, अगदी गोगलगाय झाली.

"जा!" मामा म्हणाले.

मी वाकून केबलखालून पलीकडे गेलो. पायाखाली ओल्या केबलचे वेढे, शेवाळासारखे निसरडे. खांबाशी पोचलो, बघतो तर नारळ दोन वेढ्यांत असा काही रुतलेला की नुसती शेंडी दिसत होती. ओढला, हलेना. बोटं घातली, नखं तुटली. पाय रोवला आणि सगळा जोर लावला. नारळ सुटला तो एकदम सुटला, त्याच वेळी जहाज कललं, आणि मी नारळासकट मागे पडलो. डावा पाय दोन वेढ्यांच्या फटीत गेला होता, तो तिथेच पिळवटला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मुरारी, बाहेर ये! वेग वाढतोय!"

उठायला गेलो आणि ओरडून खाली बसलो. घोट्यात पायच नव्हता म्हणा ना. वर कुठे तरी इंजिनाचा आवाज वाढला. केबल सळसळायला लागली आणि बघता बघता तिने वेग धरला. वेढा टाकीच्या मध्यावर होता. तो माझ्याभोवती गरागरा फिरत होता आणि वेढ्यापासून छतापर्यंत तिरकी ताणलेली केबल दर फेऱ्याला माझ्या डोक्यावरून सूं करून जात होती. मी खांबाला पाठ लावून बसलो. नारळ मांडीवर.

एरवी धडधाकट माणूस नेम साधून पळालाही असता. पण लंगडत, त्या निसरड्या वेढ्यांवरून? आमच्याच वाडीतला एकजण दुसऱ्या जहाजावर असाच पळाला होता. तो आज कुबडी घेऊन देवळासमोर पानपट्टी चालवतो.

"मामा, पाय गेला माझा! बेल मारा!"

मामा हलले नाहीत.

"मामा! ऐकू येतंय का? बेल मारा!"

"थांब जरा!" मामा ओरडले. "पुढच्या रिपीटरला मंदावेल, तेव्हा काढतो तुला!"

"पुढचा रिपीटर संध्याकाळी येणार! हा थर आत्ता संपतोय!"

मामांनाही ते दिसत होतं. वेढा प्रत्येक फेऱ्याला भिंतीकडे सरकत होता. भिंतीशी संपला की केबल खांबाशी उडी मारणार, आणि खांबाशी मी होतो. माझ्या ढुंगणाखालचा वेढाच पहिला सुटणार होता. त्या झटक्याने माणूस छताच्या भोकापर्यंत उचलला जातो. भोक काही माणसाच्या मापाचं नसतं.

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू, मी रडलोसुद्धा. लोखंडाची भिंत, लोखंडाचा खांब, वर लोखंडाचं छत आणि मध्ये ती फिरणारी केबल. मनात आलं, हे सगळे वेढे मीच तर घातलेत. आठवडेच्या आठवडे चालून माझं कुंपण मीच घातलंय.

"मुरारी," मामांचा आवाज आता वेगळाच आला, मऊ, समजावणीचा. "माझं ऐक. नारळ आधी माझ्याकडे टाक."

"आधी बेल मारा."

"अरे, बेल मारली की साहेब येणार. तुझ्या हातात नारळ बघणार. मग कोण वाचवणार आपल्याला? नारळ माझ्याकडे आला की मी बादलीत लपवतो आणि बेल मारतो. सांगू की वेढा उसवला होता, तू सरळ करायला गेलास. टाक बघू, शहाणा ना तू?"

ऐकायला बरोबर होतं. मी नारळ उचललासुद्धा. आणि माझा हात तसाच राहिला.

नारळ मामांच्या हातात गेला की मामा मोकळे. मग आत उरणार मी, आणि मी का आत गेलो याचा जाब द्यावा लागणार मामांना. तेव्हा मामा म्हणाले, "थांब जरा," तर? "केबल संपू दे," म्हणाले तर? चार वर्षं त्यांचा शब्द ऐकत आलो होतो. त्या टाकीत माझ्या हाती एकच गोष्ट होती ज्याच्यासाठी मामांना माझी गरज होती, आणि ती हा नारळ.

"आधी बेल, मग नारळ!" मी ओरडलो.

"आधी नारळ, मेल्या! हट्ट करायची वेळ आहे का ही?"

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का मामा?"

"तुझा माझ्यावर नाही का? तुझ्या सासूचा सख्खा भाऊ मी! सुगंधेला या खांद्यावर खेळवलीय!"

"मग बेल मारा नाहीतर याच शिमग्याला तिचं कुंकू पुसा!"

मामांना ते लागलं. लांबूनही दिसलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंड पुसलं, पुन्हा घातली. "अख्खी भाटवाडी घरी बसेल रे," ते म्हणाले. ओरडले नाहीत, पण मला ऐकू आलं. "तुझा भाऊ आहे यात. माझा पोर गणू आहे. हप्ते आहेत सगळ्यांचे, पोरं शाळेत आहेत. मी एका नारळापायी... मुरारी, टाक ना रे बाबा. पाया पडतो तुझ्या."

आणि खरंच त्यांनी हात जोडले. तिथे, मचाणावर, बटणाच्या शेजारी. हात जोडायला वेळ होता त्यांना.

वेढा भिंतीला लागायला आला होता. आता मोजके फेरे. केबल भिंतीला घासून कर्र कर्र आवाज करायला लागली.

माझ्यातलं काहीतरी सुटलं. भीती नव्हे, ती होतीच. राग आला. असा राग मला त्याआधी आला नव्हता आणि त्यानंतरही आला नाही. मी खांबाला धरून एका पायावर उभा राहिलो, केबल डोक्यावरून गेली तशी खाली झुकलो, पुन्हा उभा राहिलो आणि शेंडीला धरून नारळ सगळ्या ताकदीने फेकला. नेम बटणावर होता की मामांवर, ते देवाला ठाऊक. मला ठाऊक नाही.

नारळ येताना मामांनी बघितला. त्यांचा उजवा हात वर झाला.

नारळ फुटल्याचा आवाज आणि बेलचा आवाज एकदमच झाला. पाणी भिंतीवर उडालं, करवंट्या केबलवर सांडल्या, आणि बेल वाजतच राहिली. केबलने दोन फेरे घेतले, एक अर्धा घेतला आणि ती भिंतीपाशी थरथरत थांबली. मग बेलही बंद झाली. आयुष्यात इतकी शांतता मी पुन्हा ऐकली नाही. मी खाली बसलो आणि खांबाला डोकं टेकलं.

मग सगळे आलेच. शिडीवरून बूट खाली आले, शिव्या आल्या, मला दोघांनी उचलून वर नेलं. टाकीतला प्रत्येक वेढा हातांनी चाचपून, करवंटीचा शेवटचा तुकडा वेचल्याशिवाय जहाज पुढे हललं नाही. केबल धड होती. काचेला काही झालं नव्हतं.

संध्याकाळी हॅलरन साहेबांनी, म्हणजे केबलच्या मुख्य इंजिनिअरांनी, आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. माझा पाय पांढऱ्या पट्ट्यांत. टेबलावर एका ताटलीत नारळाचे तुकडे, खोबरं अजून ओलं. साहेब आयरिश, लालबुंद चेहऱ्याचा, पण आरडाओरड करणारा नव्हता. त्यामुळेच त्याची जास्त भीती वाटायची.

"हूज इज धिस?" त्याने मामांना विचारलं. खलाशांची इंग्रजी कच्ची, म्हणून त्यांच्या वतीने सारंगच बोलायचा.

मामांनी ताटलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. घसा खाकरला.

"हिज, सर," मामा म्हणाले. "ही ब्रिंग. फॉर ईट."

माझी इंग्रजी एवढी कच्ची नव्हती. मी मामांकडे बघतच राहिलो. टेबलाखाली त्यांनी पुन्हा हात जोडले होते.

साहेब माझ्याकडे वळला. "योर्स?"

तुम्ही म्हणाल, मुरारीने भाटवाडीसाठी त्याग केला. गावात अजूनही तसंच म्हणतात. तसं काही नव्हतं. भाऊ आठवला, गणू आठवला, नाही म्हणत नाही. पण त्याआधी मला दुसरंच दिसलं. दार दिसलं. चार वर्षं मी ज्या दारावर डोकं आपटत होतो, ते मामांनी स्वतःच्या हाताने सताड उघडलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"येस सर," मी म्हणालो. "माईन. आय लाइक कोकोनट."

साहेबाने निकाल दिला. पलीकडच्या बंदरात उतरवायचं, विमानाने घरी, आणि पुन्हा कुठल्याही केबलच्या जहाजावर उभं करायचं नाही. बाकीच्या टोळीचा यात दोष दिसत नाही. मामांनी मला ते मराठीत सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून, एक एक शब्द जड करून. मला सगळं आधीच कळलं होतं. मी हसायला लागलो. थांबवू म्हटलं तरी हसू थांबेना. साहेबाला वाटलं मार डोक्यालाही लागलाय, त्याने डॉक्टर बोलावला.

शिमग्याच्या आधी मी भाटवाडीत पोचलो, लंगडत. गिरण चालू होती. सुगंधेच्या भुवयांवर पीठ होतं. तिने माझ्या पायाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"हाकललंय मला."

"खरंच?"

"देवाशप्पथ. कुणी उभंसुद्धा करणार नाही."

तिने समोरच्या बाईचं दळण ओतलं, मापलं, पिशवी बांधून दिली. बाई गेल्यावर मग पदर तोंडात धरून रडली. असा माझा संसार सुरू झाला, लग्नानंतर चार वर्षांनी.

तिला टाकीतलं सगळं सांगितलं. एक सोडून काहीच लपवलं नाही, आणि ते एक मला स्वतःलाच माहीत नव्हतं. नारळ आला तेव्हा मामांचा हात वर झाला होता. तो कशासाठी? नारळ झेलायला की बटण दाबायला? नारळ बटणावर फुटला हे खरं, पण मामांचा तळवाही त्याच क्षणी बटणावर होता. करवंटीने कापल्याची खूण अजून त्यांच्या हातावर आहे. बेल कुणी वाजवली, नारळाने की मामांनी?

मामा पुढे बरीच वर्षं जहाजावर होते. मग गुडघे पारच गेले आणि घरी बसले. भाटवाडीची टोळी टिकली, गणू आता स्वतः सारंग आहे. मामा दर शुक्रवारी तांदळाचा डबा घेऊन आमच्या गिरणीत येतात. बाकावर बसतात. दळण होईतो इकडचं तिकडचं बोलतात आणि निघताना, डबा उचलता उचलता, खाली बघत म्हणतात, "मुरारी, मी बेल मारणारच होतो रे."

मी पट्टा बघतो, नाहीतर जात्याचा दगड बघतो. "हळू जा, मामा," एवढंच म्हणतो. आजवर दुसरं काही म्हणालो नाही.

परवाच्या शुक्रवारीही तेच झालं. मामा म्हणाले, मी ऐकलं न ऐकलंसं केलं, मामा डबा काखेत मारून पायरी उतरले. सुगंधा पीठ झाडत होती. ती थांबली.

"सोडा ना हो आता त्यांना," ती म्हणाली. "किती वर्षं झाली? तुम्हाला तरी कुठे नक्की ठाऊक आहे?"

"सोडेन."

"कधी?"

"केबल संपू दे," मी म्हणालो.

बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. सुगंधा माझ्याकडे बघत होती. हातातला झाडू तसाच. मी हात लांब करून गिरण बंद केली. पट्टा फिरत फिरत हळू झाला, दोन फेरे, एक अर्धा, आणि थांबला.

बाहेर आलो. मामा फार लांब गेले नव्हते. वळणाच्या आंब्यापर्यंत पोचले होते, एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने गुडघा सांभाळत.

"मामा!" मी हाक मारली. "तुम्हीच वाजवलीत बेल! मी बघितलं होतं!"

मामा थांबले. मागे वळले नाहीत. त्यांनी डबा खाली ठेवला आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले.